चान्यांची लाज कशाला?

गेल्या महिन्यात आपल्या युवा शिबिरात दुपारच्या चहाच्या वेळी एका कार्यकर्त्याने पिशवीतून चकचकीत पाकीट काढले. त्याच्या मामूंनी ते दुबईहून आणले होते. आत मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या होत्या आणि वर ठळक अक्षरांत 'हाय प्रोटीन' असे छापले होते. पाकीट हातोहात संपले. जिमला जाणाऱ्या मुलांनी मागचा तक्ताही वाचून काढला. मी सहज विचारले, "तुमच्यापैकी कोणाच्या घरी चान्या करतात?" एकही हात वर झाला नाही. संध्याकाळी भांडी आवरताना बीड जिल्ह्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमच्याकडे करतात. पण अम्मी आता गच्चीवर वाळत घालत नाही. आतल्या खोलीत पंख्याखाली घालते. मैत्रिणी आल्या की डबा कपाटात ठेवते."

त्या कपाटातल्या डब्याविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे.

ज्यांना चान्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चरबी नसलेले मांस घ्यायचे, त्याच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ आणि हळद चोळायची आणि दोरीवर टांगून कडक उन्हात वाळवायच्या. आमच्या घरी बकरीद उन्हाळ्यात आली की दादी हे काम काढायची आणि मी काठी घेऊन कावळे हाकलत बसायचो. पट्टी वाकवल्यावर कट्कन मोडली की ती तयार, हे तिचे माप. मग तुकडे डब्यात भरायचे. पावसाळ्यात कधी तव्यावर तेल टाकून परतायचे, कधी निखाऱ्यावर भाजून ठेचायचे, सोबत ज्वारीची भाकरी. बाजार बंद असला, हातात पैसे नसले तरी त्या डब्यावर दोन वेळा निघायच्या.

हा पदार्थ फक्त आपला नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाची खाद्यसंस्कृती मांडली आहे. त्यात चान्या आहेत. ते वाचताना मला दादीचा डबा आठवला आणि दोन्ही घरांतली लाजही एकच आहे हे कळले. मांस एकदम मिळायचे, फ्रीज नव्हता, पुढच्या दिवसांची खात्री नव्हती. अशा माणसांनी मीठ आणि उन्हाच्या जोरावर काढलेला हा मार्ग आहे. कोकणात सोडे, सुकट आणि बोंबील वाळवतात, त्याला आपण कौतुकाने कोकणची चव म्हणतो. वाळवण्याची रीत तीच. मग प्रतिष्ठेत एवढा फरक का? तो पदार्थामुळे पडत नाही, खाणाऱ्याची जात आणि धर्म पाहून पडतो.

आता प्रोटीनचे पाहू. ताज्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते आणि 100 ग्रॅममध्ये सुमारे 20 ते 22 ग्रॅम प्रथिने. वाळवताना पाणी उडते, प्रथिने राहतात. म्हणून नीट वाळलेल्या 100 ग्रॅम मांसात प्रथिने 50 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. शिवाय मांसातले लोह शरीरात सहज शोषले जाते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. आपल्या घरांत चांगले तुकडे आधी पुरुषांच्या ताटात जातात, हेही इथे मान्य करू. डबा कपाटातून काढाल तेव्हा तो आधी बहिणीपुढे ठेवा.

जगभर माणसांनी हेच केले आहे. इंग्रजीतला 'जर्की' हा शब्द अँडीज पर्वतातल्या क्वेचुआ भाषेतल्या 'चार्की'वरून आला. दक्षिण आफ्रिकेत बिल्टाँग आहे, नायजेरियातल्या हौसा लोकांची किलिशी आहे, तुर्कस्तानात पास्तिर्मा आहे. अरबीत वाळवलेल्या मांसाला 'कदीद' म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांना एका शिंप्याने जेवायला बोलावले तेव्हा त्या जेवणात भोपळा आणि कदीद घातलेला रस्सा होता, असे हजरत अनस (र.) यांच्या हदीसमध्ये येते. समोर आल्यावर भीतीने थरथरणाऱ्या एका माणसाला प्रेषितांनी, आपण राजा नसून कदीद खाणाऱ्या एका साध्या बाईचे पुत्र आहोत, असे सांगून धीर दिल्याचीही हदीस आहे. गरिबाचे अन्न त्यांनी ओळख म्हणून सांगितले. आणि आपण तेच मैत्रिणींपासून लपवतो.

हदीसमधली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एका वर्षी प्रेषितांनी कुर्बानीचे मांस तीन दिवसांपलीकडे साठवायला मनाई केली. पुढे ती मनाई उठवताना कारण सांगितले : त्या वर्षी गरजू लोक मदिनेत आले होते, म्हणून मांस वाटले जावे अशी इच्छा होती, आता खा, साठवा आणि दानही करा. म्हणजे साठवण्याचा हक्क शेजाऱ्याच्या भुकेशी जोडलेला आहे. आज आपल्या मोहल्ल्यात काय दिसते? ज्यांच्याकडे मोठा फ्रीज आहे त्यांच्याकडे बकरीदचे मांस दोन-तीन महिने पडून राहते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना मिळालेला वाटा दुसऱ्या दिवशीच संपवावा लागतो. चान्या करण्याची कला टिकली तर तो वाटा पुढे पुरतो, तेही विजेच्या बिलाशिवाय.

भीतीचे काय? ती खोटी नाही. मांस जवळ बाळगल्याच्या नुसत्या संशयावरून या देशात माणसे मारली गेली आहेत. म्हणून त्या मुलीच्या अम्मीला मी भित्री म्हणणार नाही. पण भीती कायद्याच्या अज्ञानावर वाढते, तेवढे तरी आपण कमी करू शकतो. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्यापासून आहे. मार्च 2015 मध्ये तिच्यात बैल आणि वळू आले. म्हशीवर अशी सरसकट बंदी नाही. तिच्या कत्तलीसाठी प्रमाणपत्र लागते. शेळी-मेंढीच्या मांसाचा या बंदीशी संबंध नाही. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. घरात काय खावे हा खासगी आयुष्याचा भाग आहे, हे त्या निकालामागचे सूत्र. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हणून माझे सांगणे साधे आहे : कायदा पाळा, परवानाधारक दुकानातून मांस घ्या, बिल जपून ठेवा. मग कायदेशीर अन्न लपवण्याचे कारण उरत नाही. शेजाऱ्याला वासाचा किंवा दृश्याचा त्रास होत असेल तर जाळीचे कापड लावा, जागा बदला. तो शेजारधर्म झाला. लाजेने दार बंद करणे वेगळे.

परंपरेचे गोडवे गाताना आरोग्याचे इशारे मात्र गिळायचे नाहीत. चान्यात मीठ भरपूर असते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. खारवलेले मांस प्रक्रिया केलेल्या मांसात मोडते, आणि असे मांस कर्करोगाला कारण ठरते, असा निष्कर्ष त्याच संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये काढला. म्हणून हा अधूनमधून खायचा पदार्थ आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. उन्हाने जंतू मरतातच असे नाही, म्हणून खाण्याआधी नीट भाजा किंवा शिजवा. बुरशी दिसली तर डबा रिकामा करा. आणि रोजची प्रथिने डाळ, अंडी, दूध, शेंगदाण्यांतूनही येऊ द्या.

येत्या बकरीदला तीन कामे करा. वाटप आधी करा, साठवण नंतर. घरातल्या दादी-नानीजवळ बसून चान्यांची कृती तिच्याच बोलीत लिहून घ्या आणि आम्हाला पाठवा. आपण ती दोन्ही भाषांत छापू. आणि ज्या मित्राच्या घरी चान्या होतात पण तो सांगत नाही, मग तो रफिक असो की राहुल, त्याला सांगा की आमच्याकडेही होतात.

पुढच्या शिबिरात मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. बीडच्या त्या मुलीने अम्मीचा डबा घेऊन येण्याचे कबूल केले आहे. तिचा एकटीचा हात वर राहू नये, एवढीच इच्छा.