आरोळी आणि शब्दफेक

नाटकाच्या तालमीत कुणी फार चढून बोलू लागला की 'हे शेक्सपिअरचं थिएटर नाही' असा शेरा मी अनेकदा ऐकला आहे. शेरा मारणाऱ्याला म्हणायचे असते की एलिझाबेथच्या काळातले नट घसा फोडून ओरडत. पूर्वपक्ष तसा भक्कम दिसतो. वर उघडे आभाळ, भर दुपारचा खेळ, दोन-तीन हजार प्रेक्षक, त्यातले शेकडो पिटात उभे, आणि माइकचे नावही नाही. मग ओरडण्यावाचून दुसरे काय करणार? शिवाय साक्षीदारही उभे केले जातात. एडवर्ड अ‍ॅलिनने मार्लोचा टॅम्बरलेन गाजवला आणि बेन जॉन्सनने पुढे त्या जातीच्या नाटकांतल्या आरडाओरड्याची टर उडवली.

साक्ष खरी आहे, पण ती कुणाच्या बाजूची? आरोळी हीच सर्वमान्य रीत असती तर जॉन्सनला ती डोळ्यांत भरण्याचे कारण नव्हते. तिसऱ्या अंकात हॅम्लेट नटांना दवंडीवाल्यासारखे बोलू नका, शब्द जिभेवरून हलकेच जाऊ द्या, असे बजावतो. हे बजावणारा नट रिचर्ड बर्बेज. तो स्वतःच दवंडी पिटत असता तर पिटातल्या लोकांनी त्याची तिथेच हुर्यो उडवली असती.

आता जागा मोजू. 1600 साली बांधलेल्या फॉर्च्यून थिएटरचा करारनामा शिल्लक आहे. इमारत बाहेरून 80 फूट चौरस, आतले अंगण 55 फूट चौरस, रंगमंच 43 फूट रुंद आणि अंगणाच्या मध्यापर्यंत पुढे आलेला. म्हणजे रंगमंचाच्या टोकाशी मधोमध उभ्या नटापासून समोरच्या आणि दोन्ही बाजूंच्या सज्जांचे कठडे जेमतेम साडेसत्तावीस फुटांवर! प्रेक्षक हजारोंनी होते, पण ते मागे पसरलेले नव्हते, तीन मजल्यांत रचलेले होते. आपल्या आजच्या कितीतरी नाट्यगृहांत शेवटची रांग याहून लांब असते. त्यात भोवती लाकूड आणि गिलावा, डोक्यावर रंगमंचाचे छत, आणि अंगण उघडे असल्यामुळे आवाज घुमत राहण्याची भीती कमी. अशा जागी ओरडले की स्वर फुगतात आणि व्यंजने बुडतात. अर्थ मात्र व्यंजनांवर स्वार होऊन शेवटच्या माणसापर्यंत जातो.

दुसरी गोष्ट घशाची. नाट्यगृहमालक फिलिप हेन्स्लोच्या हिशेबवहीवरून दिसते की अ‍ॅलिनची मंडळी आठवड्यातून सहा दिवस खेळ करत, आणि नाटक जवळजवळ रोज वेगळे. रोज आरोळ्या ठोकणाऱ्याचा घसा शनिवारपर्यंत टिकला असता का? आणि स्त्रीपार्ट करणारी पोरे? रोझालिंडसारखी लांबलचक भूमिका, आवाज फुटायच्या बेतात आलेल्या मुलाकडे. त्याला ओरडायला लावणे म्हणजे मंडळीने आपलाच पैसा पाण्यात टाकणे.

मग ते करत काय? टॉमस हेवूडने 1612 साली नटांची बाजू मांडताना बोलण्यातल्या विरामांचा, श्वास घेण्याच्या जागांचा उल्लेख केला आहे. मला खरी गोम तिथेच दिसते. त्या नाटकांतल्या पद्याची दहा अक्षरांची ओळ बहुधा एका श्वासात मावते, आणि वाक्य ओळीच्या पुढे गेले की श्वास कुठे चोरायचा हे नटाला आधी ठरवावे लागते. त्याच्या हाती पूर्ण नाटक नसे. स्वतःची वाक्ये आणि समोरच्याच्या वाक्याचे दोन-तीन शेवटचे शब्द, एवढीच त्याची गुंडाळी. अ‍ॅलिनची अशी एक गुंडाळी डलिच कॉलेजात आजही आहे. क्यू कानाने टिपायचा असेल तर शब्दाची शेपटी स्पष्ट हवी. समोरचा नुसता गर्जत सुटला तर आपली पाळी आली हे कळणार कसे?

ओरडणे मुळीच नव्हते, असे मी म्हणत नाही. वादळात उभा लिअर कुजबुजत नसणार. पण 1608 नंतर शेक्सपिअरच्या मंडळीने ब्लॅकफ्रायर्सचे 66 बाय 46 फुटांचे बंद दालन ताब्यात घेतले, आणि मग हिवाळ्यात मेणबत्त्यांच्या उजेडात तिथे, उन्हाळ्यात ग्लोबच्या उघड्या अंगणात, असे त्यांचे खेळ होऊ लागले. नाटके बऱ्याचदा तीच, नटही तेच. नुसत्या आरोळीवर पोसलेल्या नटाला त्या दालनातल्या पहिल्या रांगेने पहिल्या प्रवेशातच गप्प बसवले असते.