बारा आण्यांचा हिशेब

वळवाच्या एकदोन सरी झाल्या की वेल्ह्यात, मढे घाटाच्या वाटेवर, तिन्हीसांजेनंतर गाड्यांची रांग लागते. काजवे बघायला. यंदा मीही त्या रांगेत होतो. एक काजवा तळहातावर येऊन बसला. पोटाच्या टोकाशी पिवळट-हिरवा ठिपका. विझला, पुन्हा लागला. चटका सोडाच, ऊबसुद्धा नाही. तेवढ्यात शेजारच्याने फोटोसाठी मोबाइल उघडला आणि डोळ्यांपुढचं लखलखतं झाड काळं ठिक्कर पडलं.

काजव्याचा उजेड शंभर टक्के कार्यक्षम, हे आपण भाबडेपणाने सांगत आलो. २००८ साली जपानी संशोधकांनी अमेरिकी जातीच्या काजव्याचं रसायन नीट मोजलं, तेव्हा शंभर रेणूंमागे प्रकाशकण निघाले ४१. तेही काही कमी नाहीत.

माणसाची सुरुवात याहून गरिबीची. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कार्बनी रेणूंच्या पातळ थरांचा दिवा, म्हणजे ओएलईडी, केला. पण विजेने चेतवलेल्या रेणूंची वाटणी निसर्गानेच ठरवलेली: रुपयातले चार आणे ‘एकक’ अवस्थेत, बारा आणे ‘त्रिक’ अवस्थेत. उजेड चार आण्यांचा, बाकी उष्णता. पुढे इरिडियमने ते बारा आणे वसूल केले, पण हा धातू दुर्मीळ आणि महाग.

२०१२ मध्ये क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने धातूशिवाय ते साधलं. भोरकडची भातखाचरं आठवा: त्रिक हे खालचं खाचर, एकक वरचं. खालच्या खाचरातलं पाणी वर टाकायचं, तर बांध पुरुषभर उंच असून चालत नाही. वीतभर असला तर पोरही ओंजळीने टाकील. खोलीतली साधी ऊब हे ते पोर. बांध बुटका करायला रेणूतला इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा भाग एकमेकांपासून पिळून बाजूला करतात. फार दूर केले तर उजेडच मंदावतो. सगळी कारागिरी या ओढाताणीत आहे.

निळ्याने मात्र अजून घाम काढलाय. त्याच्या प्रकाशकणात ऊर्जा जास्त, आणि तीच रेणूचे बंध तोडते. म्हणून ओएलईडी पडद्याच्या बहुतेक मोबाइलांत निळा रंग अजून जुन्या, उधळ्या जातीचाच.

शेजाऱ्याचा फोटो नुसता काळा आला. ओएलईडीत काळं म्हणजे तिथले दिवे सरळ बंद. पडदा विझल्यासारखा झाला आणि झाड पुन्हा दिसू लागलं. ‘‘काहीच नाही आलं,’’ म्हणत तो फ्लॅश शोधू लागला.