कॅमेरा आपला, कार्ड कंपनीचं

ज्या कॅमेऱ्याचं कार्ड एक-दोन कंपन्यांशिवाय कुणाकडेच मिळत नाही, तो कॅमेरा फौजी माणसाने घेऊ नये. कितीही चांगला असो, सेलमध्ये कितीही स्वस्त पडो. अर्धी नोकरी क्वार्टरमास्टर स्टोअरमध्ये काढल्यावर हे माझं मत पक्कं झालं आहे आणि ते बदलायची मला घाई नाही.

स्टोअरमधल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. हत्यार कितीही भारी असलं, तरी त्याचा राऊंड पुढच्या चौकीवर मिळत नसेल तर ते नुसतं लोखंड. म्हणून तर फौजा कॅलिबर ठरवून घेतात. इन्सासची ५.५६ ची गोळी काही आपल्या एकट्याची नाही, तो राऊंड जगातल्या कितीतरी रायफलींत चालतो. उलट नमुनाही आपल्याकडे होता. एसएलआर ७.६२ आणि एकेही ७.६२, पण एकीची केस ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ३९. आकडा तोच, पण एकीची गोळी दुसरीत चालत नाही. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता कार्डाकडे येऊ. सोनीने १९९८ मध्ये मेमरी स्टिक आणली. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मने २००२ मध्ये मिळून एक्सडी कार्ड काढलं. मधल्या काळात, १९९९ मध्ये, पॅनासॉनिक, तोशिबा आणि सॅनडिस्क यांनी एसडी जाहीर केलं होतं आणि लायसन्स घेईल त्या कंपनीला ते बनवायची मुभा होती. म्हणजे एक्सडी निघालं तेव्हा ‘सगळ्यांना चालेल असं कार्डच नव्हतं’ ही सबब उरलेली नव्हती.

आमच्या सिग्नल सेंटरचा एक हवालदार पक्का सोनीवाला. तो म्हणायचा, “दादा, कॅमेरा त्यांचा, कार्ड त्यांचं, काही बिघडलं तर विचारायला एकच माणूस. शिवाय तेच कार्ड हँडीकॅममध्ये घाला, वायो लॅपटॉपमध्ये घाला.” बोलणं खोटं नव्हतं. एकाच घरात कार्ड आणि कॅमेरा बनला की दोन्हींची जुळणी नीट होते. १९९८ साली तर कुठलं कार्ड टिकेल हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे मेमरी स्टिकला मी फार दोष देत नाही. निदान सुरुवातीला.

पण पुढे काय झालं बघा. जुनी मेमरी स्टिक १२८ एमबीवर अडकली. मग त्यांनी एका कार्डात १२८ चे दोन कप्पे घातले आणि मागे बारीक खटका दिला. एक कप्पा भरला की कार्ड बाहेर काढा, खटका सरकवा, परत घाला. लेहच्या थंडीत हातमोजे काढून हे कुणी करून दाखवावं! २००३ मध्ये प्रो आली. आकार तोच, पण जुना कॅमेरा तिला ओळखेना. आली का ७.६२ ची गोष्ट? शिवाय ड्युओ, मग त्याहून छोटी एम-टू. म्हणजे जो कंपनीशी इमान राखून राहिला, त्यालाच कंपनीने दर दोन-चार वर्षांनी नवीन खरेदीला उभं केलं.

एक्सडीचं तर त्याहून वाईट. ऑलिम्पसच्या कॅमेऱ्यांत पॅनोरमाची सोय होती, पण ती ऑलिम्पसचा शिक्का असलेल्या कार्डावरच चालायची. फुजीचं एक्सडी घातलं की बंद. कार्डाचा आकार तोच, जात तीच, भागीदार कंपनीचाच माल, तरी अडवणूक. याला तांत्रिक अडचण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ही नाकेबंदी आहे.

शेवटी दोघांनाही माघार घ्यावी लागली. सोनीने २०१० मध्ये एसडीला दार उघडलं, ऑलिम्पसही त्याच सुमारास एसडीकडे वळलं. एक्सडी २ जीबीच्या पुढे कधी गेलंच नाही. कंपन्यांचं काय, पान उलटलं. ज्यांच्या पेट्यांत ती कार्डं पडून आहेत त्यांचं काय?

आमच्या युनिटचा गणपती आसामात तेजपूरला असताना एका साताऱ्याच्या भिडूने ढोल वाजवला होता. पाच वर्षांपूर्वी आजारपणात तो गेला. त्याच्या मुलीने वडिलांचा तो फोटो मागितला. फोटो माझ्याकडे होता, पण अशाच एका बंदिस्त जातीच्या कार्डात, आणि कॅमेरा कधीच मेलेला. जालंधरच्या तीन दुकानांत गेलो. तिन्हीकडच्या रीडरला एसडीची खाच होती, मायक्रोएसडीची होती, या कार्डाची नव्हती. एका पोराने तर कार्ड हातात फिरवून विचारलं, “अंकल, यह सिम है क्या?” शेवटी रजेवर आल्यावर पुण्यातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या खणात जुना रीडर सापडला. फोटो निघाले. चौदा. त्याने पैसे घेतले नाहीत.

एसडी म्हणजे काही गंगाजल नव्हे. त्यालाही लायसन्सचे पैसे लागतात. बाजारात नकली माल इतका, की ६४ जीबी लिहिलेल्या कार्डात आठही नसतात. जुन्या एसडी कॅमेऱ्याला एसडीएचसी वाचता येत नाही, म्हणजे तिथेही ७.६२ आहेच. पण कार्ड सिलिगुडीत मिळतं, जैसलमेरला मिळतं, आणि एका दुकानदाराने अडवलं तर शेजारचा देतो. बदलीच्या माणसाला आणखी काय हवं?

हल्लीच्या भारी कॅमेऱ्यांतल्या वेगवान कार्डांची बाजू मात्र मान्य. एक्सक्यूडी आणि सीएफएक्सप्रेस हे वेगाच्या गरजेतून आले, साध्या एसडीला ते ओझं झेपत नव्हतं. निकॉनने काही जुन्या एक्सक्यूडी कॅमेऱ्यांना फर्मवेअर देऊन त्याच खाचेत सीएफएक्सप्रेसही चालेल असं केलं. सोनीने २०२० च्या ए-सेव्हन-एस-थ्रीमध्ये अशी खाच दिली की सीएफएक्सप्रेसही बसतं आणि एसडीही. मग हेच वीस वर्षांपूर्वी का नाही केलंत?

तर मंडळी, ट्रंक उघडा. मेमरी स्टिक, एक्सडी, स्मार्टमीडिया, जे निघेल ते या रजेतच कॉम्प्युटरवर उतरवा आणि दोन ठिकाणी ठेवा. फ्लॅशमधला डेटा वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला तर झिजत जातो, आणि असे जुने रीडर आता नवीन कुणी फारसं बनवत नाही. माझ्याकडचा एक जुना रीडर चालू आहे. पुण्यात असलात तर घेऊन या, चहा आमच्याकडून.