वाढप्याच्या हातात वही कशाला?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायलाच!

मुळशी म्हटलं की लोकांना धरण आणि आंबेमोहोर आठवतो. पण हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, आणि तिथे बसून मी वेबसाइटांवर खोटी गर्दी सोडतो. घरचे विचारतात, म्हणजे नक्की काय करतोस? तर खरे हजार लोक यायच्या आधी प्रोग्रामकडून हजार खोटे पाठवायचे आणि सर्व्हर कुठे धापा टाकतो ते बघायचं. हेच लोड टेस्टिंग.

या खोट्या माणसांनी काय करायचं ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं. शिवाय ठरावीक प्रसंगी आपोआप चालणारे तुकडे असतात, ते कॉलबॅक. चाचणी सुरू झाली की एक, संपली की एक, आणि हवा असेल तर प्रत्येक उत्तर आल्यावर एक. हा शेवटचा महागात पडतो. पंगतीत वाढप्याला प्रत्येक जिलबीची वहीत नोंद करायला लावा. पंगत रेंगाळणार, आणि शिव्या खाणार आचारी!

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये हेच झालं. प्रत्येक उत्तर फाइलमध्ये उतरवणारा, तपासणीपुरता लिहिलेला कॉलबॅक तसाच राहिला. त्याचं लिहून होईपर्यंत पुढची विनंती खोळंबायची. अहवालात सर्व्हर कमी पडतोय असं दिसलं, आणि सर्व्हरवाली पोरं आठवडाभर रात्री जागली. मी माफी मागितली, पण त्या रात्री कोण परत देणार?

"त्यात काय, ती ओळ कॉमेंट करायची!" हे उत्तर मला मान्य नाही. ओळ झाकणारा ती उघडायला विसरतो. आणि स्क्रिप्टच बदलली तर कालची नि आजची चाचणी एकच, हे कशावरून? जेमीटरमध्ये लिसनर बंद करता येतो, पण तो बदल टेस्ट प्लॅनच्या फाइलमध्येच जाऊन बसतो. के-सिक्सने बरं केलंय. चाचणीआधीची तयारी आणि नंतरची आवराआवर, दोन्ही कमांड देतानाच वगळता येतात, स्क्रिप्टला हात न लावता.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक ऐच्छिक कॉलबॅकचा खटका सेटिंगमध्ये हवा. जड कॉलबॅक मुळातच बंद असावेत. "चुकून बंद राहिला तर?" म्हणूनच काय चालू होतं नि काय बंद, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर छापा. लॉगिनसारख्या, ज्याच्यावाचून चाचणीच होत नाही, त्या गोष्टींना खटका नकोच. त्या ऐच्छिक नाहीत.

असो. पुढच्या वेळी आचाऱ्याला बोल लावण्याआधी वाढप्याच्या हातात वही नाही ना, तेवढं बघा.