लाख प्रेक्षक आणि राहून गेलेली एक नोंद

अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलामुलींकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात जाणाऱ्या पालकांना एखाद्या शनिवारी सामना पाहण्याचे आमंत्रण हमखास मिळते. खेळाचे नाव फुटबॉल. परंतु चेंडू लांबट, आणि तो बहुतेक वेळ हातातच. नियम ठाऊक नाहीत, संघाशी नाते नाही, आणि तिकीट मात्र महाग. मग जावे की न जावे? ज्याला मोठ्या व्यवहाराची घडण समजून घेण्याची आवड आहे, त्याने अवश्य जावे.

उदाहरण म्हणून मिशिगन विद्यापीठाचे क्रीडांगण पाहू. ते ॲन आर्बर या गावी आहे. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे १ लाख २४ हजार होती. क्रीडांगणाची आसनक्षमता आहे १,०७,६०१. मुंबईचे वानखेडे स्टेडियम तीनदा भरावे, एवढा हा समुदाय. ८ नोव्हेंबर १९७५ पासून, महासाथीचे २०२० साल वगळता, विद्यापीठाच्या येथील प्रत्येक सामन्यास लाखाहून अधिक प्रेक्षक आले आहेत. क्रीडांगणाचा मोठा भाग जमिनीच्या पातळीखाली खोदलेला असल्यामुळे बाहेरून त्याच्या आकाराची कल्पना येत नाही. आत पाऊल टाकताच खाली पसरलेली विशाल वाटी दिसते.

खेळ समजण्यास थोडेच नियम पुरतात. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. साधले तर पुन्हा चार प्रयत्न, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की सहा गुण, खांबांमधून लाथेने पार केला की तीन. खेळ साठ मिनिटांचा, पण थांबत थांबत तो साडेतीन तास चालतो. नवख्या प्रेक्षकाने प्रत्येक डाव समजून घेण्याचा आग्रह धरू नये. शेजारचा वृद्ध माजी विद्यार्थी आणि पुढच्या रांगेतील शाळकरी मुलगी एकाच क्षणी का उठतात, एवढे पाहिले तरी पुरे.

व्यापारी घराण्यातील वाचकास त्याहून रोचक वाटेल ती या वास्तूची जन्मकथा. १९२० च्या दशकात क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट यांना भव्य क्रीडांगण हवे होते. त्यांनी करदात्यांच्या पैशावर विसंबून न राहता प्रत्येकी ५०० डॉलरचे ३,००० रोखे विक्रीस काढले. व्याज ३ टक्के, म्हणजे माफक; पण त्याच्या जोडीला रोखेधारकास दहा हंगाम मोक्याच्या जागेची तिकिटे विकत घेण्याचा हक्क. ज्याला खेळाची आवड तोच भांडवल देणार आणि तोच पुढे ग्राहक राहणार, अशी ती योजना होती. १९२७ मध्ये क्रीडांगण उघडले तेव्हा आसने ७२ हजारांच्या घरात होती. परंतु पुढे लाखावर आसने चढवता येतील एवढा पाया योस्ट यांनी आधीच भक्कम करून घेतला होता.

या व्यवहाराच्या शाखा गावभर पसरलेल्या दिसतात. सामन्याच्या दिवशी जवळपासचे घरमालक अंगणातील हिरवळ मोटारी उभ्या करण्यास भाड्याने देतात. हॉटेले भरतात, टोप्या आणि सदरे खपतात, दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अवाढव्य रक्कम येते, प्रशिक्षकास कोट्यवधी रुपयांचे वेतन मिळते. आसनसंख्येच्या अखेरीस जो ‘एक’ आहे, तो फ्रिट्झ क्रिसलर या माजी प्रशिक्षक व क्रीडा संचालकांच्या सन्मानार्थ राखलेला आहे. एका आसनाचीही अशी आठवण ठेवणाऱ्या या विश्वात एक मोठी नोंद मात्र अनेक दशके राहून गेली. ती खेळाडूंची.

महाविद्यालयीन खेळाडू हौशी असतो, त्याला शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला नको, असा देशभरचा दंडक होता. त्याची किंमत काय पडते, हे १९५५ मध्ये दिसले. कोलोरॅडो राज्यातील एका लहान महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन सामन्यात डोक्याला इजा होऊन मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय हे फुटबॉलचा धंदा करीत नाही, असा निकालाचा आशय होता. त्याच दशकात राष्ट्रीय क्रीडा संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडूस कामगार ठरवले जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता, असे संघटनेचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे लिहून ठेवले.

तिकीट विकले जाते, जाहिरात विकली जाते, प्रक्षेपण विकले जाते, आणि तरीही हा धंदा नव्हे! वहीखाते ठाऊक असलेल्या माणसास हे पटणे कठीण. जमेच्या बाजूस रक्कम दिसत असताना ती ज्याच्या श्रमातून आली त्याचे खातेच उघडलेले नसेल, तर तो ताळेबंद जुळला असे म्हणता येत नाही.

अलीकडे हे खाते उघडले आहे. २०२१ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील निर्बंध एकमताने अवैध ठरवले. त्यानंतर लगेच, १ जुलैपासून, खेळाडूंना आपले नाव व छायाचित्र जाहिरातींसाठी वापरू देऊन पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये एका न्यायालयीन तडजोडीस मान्यता मिळून विद्यापीठांना खेळाडूंस थेट वाटा देण्याचा मार्ग मोकळा झाला. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पूर्वीच्या खेळाडूंसाठी सुमारे २८० कोटी डॉलरची तरतूद झाली.

यातून नवे प्रश्नही उभे राहिले आहेत. मोठ्या विद्यापीठांत फुटबॉलच्या उत्पन्नावर जलतरण, जिम्नॅस्टिक्स असे कमी उत्पन्नाचे खेळ चालतात. फुटबॉलपटूस वाटा दिल्यावर त्या खेळांचे काय? मुलींच्या संघांना किती मिळावे? वाटणी सुरू झाली की वाद येणारच. तरीही वाटणीवरून भांडणे हे वाटाच नाकारण्याहून बरे.

म्हणून असा सामना पाहण्याचा योग आला तर कोणता संघ जिंकला, एवढेच लक्षात ठेवून परतू नये. मैदानावर धावणारी ती मुले आपल्याच मुलांच्या वयाची, अठरा ते बावीस वर्षांची असतात. त्यांच्या गुडघ्यांवर आणि मस्तकावर हा सारा डोलारा उभा आहे. आपल्या तिकिटातील काही अंश आता त्यांच्यापर्यंत पोहोचू लागला, ही समाधानाची बाब होय. आणि आपल्या पेढीवर, दुकानात, गोदामात कोणाचे खाते उघडावयाचे राहून गेले आहे काय, हे पाहण्याचे निमित्तही.