निकाल लागला, पण पटला का?

अहिल्यानगरच्या त्या लाथेचं रील तुम्हीही पाहिलं असेल. २ फेब्रुवारी २०२५, महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातली शेवटची लढत. पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीवर विजयी घोषित केलं. शिवराज राक्षेचं म्हणणं होतं की माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. ते मान्य झालं नाही आणि चिडलेल्या शिवराजने पंचांना लाथ मारली. त्याच संध्याकाळी फायनलला महेंद्र गायकवाडही पंचांवर नाराज होऊन शेवटच्या क्षणी गादी सोडून निघून गेला. गदा पृथ्वीराजकडे गेली. शिवराज आणि महेंद्र दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर सरळ दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक म्हणे, ‘पंचांवर पाय उचलणारा पैलवान कसला?’ दुसरी म्हणे, ‘अन्याय झाल्यावर माणूस काय करणार?’ गंमत म्हणजे, दोन्ही बाजूंनी तास-तास भांडणाऱ्यांपैकी चितपट नेमकी कधी धरतात, हे फार कुणाला सांगता येत नव्हतं. मलाही नव्हतं. म्हणून थोडं खोदून पाहिलं.

कोथरूड आठवतंय?

हा वाद पुण्याला नवा नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागाच्या शेवटच्या लढतीत सिकंदर शेखविरुद्ध महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि त्याला चार गुण मिळाले. सोशल मीडिया पेटला. सिकंदरची पाठ धोक्यात गेलीच नव्हती, मग चार कसले, असा सवाल होता. पंचांना फोनवरून धमक्या येण्यापर्यंत प्रकरण गेलं.

आता नियम बघा. उभ्या पैलवानाला नुसतं खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन गुण. तोच डाव टाकताना त्याची पाठ गादीकडे झुकली, म्हणजे पाठ आणि गादीतला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी झाला, तर चार. चितपटीला दोन्ही खांदे टेकलेले आणि वरच्याचा ताबा हवा. हे सगळं सेकंदाच्या एखाद्या तुकड्यात घडतं आणि पंच ते एकाच बाजूने पाहत असतो. म्हणून रेफरी, जज आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात. रेफरीला एकट्याने चितपट देता येत नाही, दुसऱ्याची संमती लागते.

आता नावं नीट वाचा. २०२३ मध्ये ज्या महेंद्रला ‘पंचांनी जिंकवलं’ असं म्हटलं गेलं, तोच २०२५ मध्ये पंचांवर चिडून बाहेर पडला. २०२३ ला त्याच महेंद्रला फायनलमध्ये चितपट करून गदा उचलणारा शिवराज दोन वर्षांनी ‘माझे खांदे बघा’ म्हणत होता. आणि सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला शिवराजला हरवून केसरी पटकावली. म्हणजे आज निकालाचा फायदा झालेला पैलवान उद्या रडणाऱ्यांच्या रांगेत असू शकतो. आपण मात्र दर वेळी ‘आपला’ पैलवान कोण, यावरून नियम ठरवतो.

बॉक्सिंगचं दुखणं वेगळं

कुस्तीत निदान खांदा टेकला की नाही, हे कॅमेऱ्यात दिसतं. बॉक्सिंगमध्ये तेही नाही. तिथे पाच जज प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ गुण देतात. ठोसा किती नेमका बसला, वर्चस्व कुणाचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

२९ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक. मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. तीनपैकी दोन फेऱ्यांत तीन जज मेरीच्या बाजूने होते, तरी ती ३-२ ने हरली. कसं? फेऱ्यांची बेरीज होत नाही, प्रत्येक जजच्या कागदावर तीन फेऱ्यांची स्वतंत्र बेरीज होते आणि पहिली फेरी मेरीने चार जजांकडे गमावली होती. हा हिशेब समजला की निकाल आवडत नाही, पण कळतो. रिओ २०१६ चं तसं नव्हतं. तिथल्या बॉक्सिंगमध्ये काही लढती फिरवण्याची यंत्रणाच होती, असं मॅकलारेन चौकशीने २०२१ मध्ये मांडलं. म्हणजे न पटलेला प्रत्येक निकाल फिक्स नसतो, आणि प्रत्येक शंका रडारडही नसते. फरक कळायला हिशेब उघड्यावर हवा.

आपल्याला रिव्हॅल, त्यांना?

आपण एका पेपरात दोन मार्कांनी राहिलो तर काय करतो? उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवतो, रिव्हॅलला टाकतो. निकाल बदलेल याची खात्री नसते, पण कुठे मार्क गेले ते दिसतं. इथे तर अख्खं आयुष्य पणाला लागलेलं असतं. तीनदा केसरी झालेल्या विजय चौधरीला पुढे पोलीस उपअधीक्षकपद मिळालं. गदेसोबत काय काय येतं, ते यावरून समजा.

कुस्तीतही सोय आहे. कोच चॅलेंज मागतो, व्हिडिओ पाहिला जातो, चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण. पण कुस्ती संपवणाऱ्या चितपटीवर वाद असेल, तर हात उंचावण्याआधीच ते फुटेज मोठ्या पडद्यावर दाखवायला काय हरकत आहे? अहिल्यानगरच्या निकालावर पुढे चौकशी समिती बसली आणि त्या पंचांवरही निलंबनाची कारवाई झाली. म्हणजे शिवराजच्या तक्रारीत दम होता. लाथ मात्र तरीही चूकच, कारण पंच सुरक्षित नसेल तर उद्या शिट्टी घ्यायला कुणी पुढे येणार नाही. पण समितीचा निष्कर्ष आला तेव्हा मैदान रिकामं झालं होतं आणि गदा कधीच घरी पोचली होती. फुटेज त्या संध्याकाळीही तिथेच होतं. ते बघायला दोन मिनिटं पुरली असती.

पुढच्या केसरीला असा वाद झाला की स्टोरी टाकण्याआधी एवढंच विचारा: रिप्ले दाखवला का, आणि कारण सांगितलं का? ‘आपला’ पैलवान जिंकला असेल, तेव्हा तर नक्कीच विचारा.