वाढवता येणारा शीरखुर्मा, मोजून कापायचा लझानिया

रमजानचा तिसरा अशरा लागला, की घराघरांत ईदच्या जेवणाची बोलणी सुरू होतात. दूधवाल्याला किती लिटर सांगून ठेवायचे, चारोळी आणि खारीक कुठून आणायची, बिर्याणीला किती तांदूळ लागेल, याचा हिशेब मांडला जातो. यावलसारख्या तालुक्याच्या गावातही या बोलण्यांत आता एखादा नवा शब्द ऐकू येतो : लझानिया. जळगाव-पुण्याला शिकणारी नात सुट्टीला घरी येते, मोबाइलवर पाककृती दाखवते आणि म्हणते, "दादी, या ईदला हे करू या." दादीचे उत्तर ठरलेले असते, "ईदला शीरखुर्मा असतो बेटा. हे कुठले परक्या मुलुखाचे?"

दादीची हरकत समजण्यासारखी आहे. पण ती चुकीच्या जागी बोट ठेवते. परकेपणाच्या कसोटीवर पारखायला बसले, तर ईदच्या दस्तरखानावर फार थोडे पदार्थ उरतील. 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर, हे दोन्ही शब्द फारसी आहेत. समोसा इराण आणि मध्य आशियाच्या वाटेने आला. बिर्याणीतला बटाटा, टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांमधून इकडे पोहोचली. शीरखुर्म्यातली शेवई आणि लझानियाची पाती ही तर एकाच घराण्यातली. दोन्ही गव्हाचीच, एक तार काढून वाळवलेली, दुसरी लाटून कापलेली. अल-इद्रीसी या मुस्लिम भूगोलतज्ज्ञाने ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी पूर्ण केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाचे वर्णन केले आहे. तिथे 'इत्रिय्या' नावाच्या शेवया मोठ्या प्रमाणात तयार होत आणि जहाजांत भरून मुस्लिम व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलुखांत जात, असे तो सांगतो. इटलीतल्या या पदार्थांच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा जुना पुरावा आहे. तेव्हा लझानिया घरात आला, तर तो लांबच्या नात्यातला पाहुणा समजायला हरकत नाही.

हा पदार्थ मुळातच सणाचा आणि कुटुंबाचा. इटलीत बोलोन्या शहराकडे पालकाची हिरवी पाती, मंद आचेवर शिजवलेला खिमा आणि दूध-मैद्याचा पांढरा सॉस यांचे थर लावून तो करतात. नेपल्सकडे ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधी जो कार्निव्हल असतो, त्याचे हे खास पक्वान्न. तिकडे उपवासाआधी, इकडे रोजांनंतर, एवढाच फरक. हलालचा प्रश्नही अवघड नाही. मूळ पाककृतीत कधी वाइन असते, ती वगळायची. खिमा नेहमीच्या खाटकाकडचा. चीझच्या पाकिटावर हिरवे चिन्ह असेल, तर त्यात प्राण्यांपासून काढलेले रेनेट नसते.

मग वाद कशाचा? खरे प्रश्न दोन आहेत. हा पदार्थ कोणाकोणाला पुरतो? आणि तो करताना कोणाचे हात व कोणाचा वेळ खर्च होतो?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भांड्यात पाहिले की मिळते. शीरखुर्मा वाढवता येतो. नमाजनंतर अचानक दहा माणसे आली, तर पातेल्यात आणखी लिटरभर दूध ओतायचे, मूठभर शेवया टाकायच्या आणि वाट्या भरायच्या. दहाव्या माणसाला पहिल्याइतकीच चव मिळते. लझानियाचे तसे नाही. तो ताटात रचावा लागतो आणि मोजून कापावा लागतो. बारा तुकडे झाले की तेरावा माणूस उपाशी. शिवाय भट्टीतून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे मुरू दिला नाही, तर थर घसरतात. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला तेवढे थांबवणार कसे?

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (र.) यांना दिलेला उपदेश प्रसिद्ध आहे. रस्सा शिजवाल तेव्हा त्यात पाणी वाढवा आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, असा त्याचा आशय. या उपदेशात स्वयंपाकाचे एक मोठे शहाणपण आहे. ज्या पदार्थात पाणी किंवा दूध वाढवता येते, तो पदार्थ दार उघडे ठेवतो. ईदच्या सकाळी यावलमध्ये दार उघडे ठेवावेच लागते. शेजारी येतात, शाळेतले गुरुजी येतात, मुलांचे मित्र येतात, केळीच्या बागेत सोबत घड वाहणारा मजूर येतो. फैजपूर, मारूळ, साकळीची पाहुणेमंडळी येते आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून तडवी बांधवही येतात. त्या सकाळी शीरखुर्म्याची जागा दुसऱ्या कशालाही देता येणार नाही. दादीचे म्हणणे इथे शंभर टक्के बरोबर आहे.

याच प्रश्नाला फितऱ्याची एक बाजू आहे. ईदच्या नमाजपूर्वी फितरा द्यायचा तो एवढ्यासाठी, की गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी. हनफी मतानुसार गव्हाच्या हिशेबाने माणशी अर्धा साअ, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत द्यायची असते. खजूर किंवा मनुक्यांच्या हिशेबाने देणाऱ्याला पूर्ण साअ, म्हणजे सुमारे साडेतीन किलो द्यावे लागते आणि ती रक्कम अनेक पटींनी जास्त होते. ज्यांना झेपते त्यांनी खजूर-मनुक्यांच्या दराने द्यावे, असे अनेक उलेमा दरवर्षी सांगतात. तरीही चांगली ऐपत असलेली पुष्कळ घरे गव्हाच्या दरावरच थांबतात. आता विचार करावा : ज्या घराचा दस्तरखान चीझच्या दराने सजतो, त्या घराचा फितरा गव्हाच्या दराने का निघावा? खाण्यापिण्याला मनाई नाही. कुरआन उधळपट्टीला मनाई करते. नवा पदार्थ घरात आणायचा असेल, तर फितराही एक पायरी वर चढवावा, हा सरळ हिशेब आहे.

दुसरा प्रश्न हातांचा. शेवयांच्या मागे एक जुनी व्यवस्था होती. खान्देशात उन्हाळा लागला की कुरडया, पापड आणि शेवयांचे दिवस येत. गल्लीतल्या बायका सावडीने काम करत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. कोणी पीठ मळायचे, कोणी यंत्राचा दांडा फिरवायचा, कोणी बाजेवर स्वच्छ कापड टाकून शेवया वाळत घालायच्या. त्यात हिंदू-मुस्लिम असा भेद नव्हता. वर्षभराच्या शेवया डब्यात जात, आणि रमजान हिवाळ्यात आला काय किंवा पावसाळ्यात आला काय, शेवई घरात तयार असे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरतो; वाळवलेली शेवई त्या प्रत्येक ऋतूत साथ देते. म्हणजे शीरखुर्म्याचे सगळ्यात मोठे कष्ट ईदच्या कितीतरी आधी आणि अनेक हातांनी होऊन गेलेले असत. आता पाकिटातली शेवई मिळते, तेव्हा तेही कष्ट उरले नाहीत.

लझानिया हा त्या मानाने तीन स्वयंपाकांचा एक पदार्थ आहे. पाती लाटून उकडायची, खिमा वेगळा शिजवायचा, सॉस गुठळी न होऊ देता ढवळत राहायचा, मग थर लावायचे आणि भाजायचे. तयार पाती मिळाली नाही, की मैदा आणि अंडी मळण्यापासून सुरुवात. हे सारे शेवटच्या दहा रात्रींमध्ये घरातल्या एकाच बाईच्या अंगावर पडणार असेल, तर तो सौदा वाईट आहे. याच रात्रींमध्ये शब-ए-कद्र शोधायची असते. पुरुष मशिदीत एतेकाफला बसतात, तरावीहला जातात. घरातली बाई मात्र सहेरीच्या आधी उठते, इफ्तारची भजी तळते आणि चांदरातीला मेंदीच्या आधी कांदा चिरते. तिच्या वाट्याचा तिसरा अशरा स्वयंपाकघरातच संपतो. रोजांच्या हुकमासोबतच कुरआनमध्ये (२ : १८५) अल्लाहला माणसांसाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, हेही सांगितले आहे. ही सुलभता चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईपर्यंत का पोहोचू नये?

हजरत आयशा (र.) यांना विचारले गेले, की प्रेषित (स.) घरात काय करत असत. ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे त्यांचे उत्तर होते. ही हदीस प्रवचनांतून पुष्कळदा ऐकवली जाते. स्वयंपाकघरात ती फार कमी वेळा दिसते.

म्हणून नातीला 'नाही' म्हणण्यापेक्षा दोन अटी घालाव्यात. पहिली अट वेळेची. ईदची सकाळ शीरखुर्म्याची. लझानिया बासी ईदच्या संध्याकाळी करावा. त्या दिवशी लेकी-जावई येतात, घरातली माणसे मोजकी असतात आणि मोजून कापण्यात कोणाचा अपमान होत नाही. एतेकाफ संपलेला असतो, रोजे झालेले असतात, कोणाच्या इबादतीचा वेळ त्यात जात नाही. दुसरी अट हातांची. खिमा भावाने शिजवावा, सॉस वडिलांनी ढवळावा, थर पोरांनी लावावेत. थर लावायला सात वर्षांच्या मुलालाही जमते. घरात ओव्हन नसेल, तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, वर जाळी ठेवून, घट्ट झाकण लावले की काम होते. अनेक गावांत नानखटाईचे ताट बेकरीच्या भट्टीत नेण्याची रीत आहे. तिथे हेही ताट भाजून मिळेल.

शेजारच्या शाकाहारी घरासाठी खिम्याऐवजी वांग्याचे थर लावावेत. यावल तालुक्यातले बामणोद भरताच्या वांग्यांसाठी ओळखले जाते, आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ते वांगे भाजून, सोलून, दोन पात्यांच्या मध्ये पसरले, तर लेवा पाटलांच्या घरातही तो तुकडा आवडीने खाल्ला जाईल. शेवयांच्या सावडीने जो शेजार जपला, तो या निमित्ताने थोडा आणखी पक्का होईल.

या दोन अटी पाळल्या जात असतील, तर लझानियाने ईदचे काही बिघडणार नाही. त्या पाळायच्या नसतील, तर नव्या पदार्थाचा हट्ट सोडावा. कारण मग तो घरातल्या एका थकलेल्या बाईच्या कष्टांवर आणि दारात आलेल्या तेराव्या माणसाच्या वाट्यावर उभा राहील. दादीने परक्या मुलुखाची चिंता करू नये. तिने नातीला एवढेच विचारावे, की सॉस कोण ढवळणार आहे आणि या वर्षी फितरा कोणत्या दराने काढायचा.